फॉरमॅटचे बटण दाबू नका!

आंबेडकरी चळवळीचा ठेवा एकेकाळी पत्र्याच्या ट्रंकेत असायचा. जयंतीची पत्रके, मोर्चाचे फोटो, गायन पार्टीच्या वह्या, दिवंगत कार्यकर्त्यांची पत्रे, सारे काही माळ्यावरच्या त्या ट्रंकेत. पुढे कॅसेट आल्या, त्या चपलांच्या खोक्यात गेल्या. मग सीडी आल्या. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे सारे एका काळ्या डबीत येऊन बसले आहे. तळहाताएवढी एक्स्टर्नल हार्ड डिस्क! गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पदरमोड करून, रात्री जागून कॅसेट संगणकात उतरवल्या, फोटो स्कॅन केले, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती मोबाईलवर घेतल्या, सगळे त्या डबीत भरले आणि 'आता काही जात नाही' म्हणून निर्धास्त झाले. ट्रंकेला वाळवी लागली तर खाली भुसा तरी दिसतो. डिस्कला लागलेली वाळवी दिसत नाही. एके दिवशी वायर जोडली की दिवा लागतो, डिस्क फिरते, पण आत काही उघडत नाही. पडद्यावर एक पाटी येते, ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. खाली दोन बटणे. एक होकाराचे, एक रद्द करण्याचे.

बांधवांनो, आमचे म्हणणे या दोन बटणांपुरतेच आहे आणि ते आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. डिस्क उघडत नाही याचा अर्थ तिच्यातला मजकूर गेला असा होत नाही. मजकूर बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. तो जातो नंतरच्या तासाभरात, माणसाच्या घाईने.

हे कसे, ते समजून घेतले पाहिजे. डिस्क म्हणजे एक ग्रंथालय समजा. कपाटात पुस्तके आहेत आणि दाराशी एक नोंदवही आहे, कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या खणात ते सांगणारी. संगणक डिस्क जोडतो तेव्हा आधी ही नोंदवही वाचतो. ती वाचता आली की डिस्क 'माउंट' झाली असे म्हणतात. नोंदवहीचे पहिले पान फाटले असेल तर तो सरळ सांगतो, येथे ग्रंथालयच नाही. पुस्तके मात्र कपाटातच असतात! फॉरमॅट करणे म्हणजे जुन्या नोंदवहीच्या जागी कोरी नोंदवही ठेवणे. त्यानेही पुस्तके लगेच जात नाहीत. पण कोरी नोंदवही पाहून संगणक सगळी कपाटे रिकामी धरतो आणि पुढे जे काही तुम्ही टाकाल ते जुन्या पुस्तकांच्या जागी लिहितो. एकदा तसे वरून लिहिले गेले की खालचा मजकूर जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. त्यातही फरक आहे. विंडोजमधील 'क्विक फॉरमॅट' फक्त नोंदवही बदलतो. साधा, पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सबंध डिस्कवर शून्ये लिहीत जातो. एका छोट्या चौकटीत टिकमार्क आहे की नाही, एवढ्यावर वीस वर्षांचे काम राहते किंवा संपते.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी बुद्धविहाराला जोडून एक वाचनालय आहे. तेथील कार्यकर्त्यांची एक टीबीची डिस्क अशीच आमच्याकडे आली. तिच्यात काय होते? गायन पार्ट्यांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी आणि भाषणे. १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठ नामांतरासाठी लाठ्या खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या स्त्रीपुरुषांच्या मुलाखती. त्यातले कित्येक जण आज हयात नाहीत. स्मरणिकांच्या फाईली. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत जमवलेली छायाचित्रे व जबाब. डिस्क उघडेना, म्हणून त्यांनी ती गावातल्या संगणक दुकानात नेली. दुकानातल्या पोराने होकाराचे बटण दाबले. दैवाने म्हणणार नाही, योगायोगाने तो क्विक फॉरमॅट होता. पण त्यानंतर डिस्क 'चालते का' हे पाहण्यासाठी त्याने तिच्यावर दोन हिंदी सिनेमे टाकून पाहिले. सिनेमे चालले. दुरुस्तीचे तीनशे रुपये घेतले. आठ दिवसांनी डिस्क पुन्हा बंद! कारण मूळ दुखणे नोंदवहीचे नव्हतेच, डिस्कचे काही भाग खराब होऊ लागले होते आणि नोंदवही त्यात फाटली होती.

त्या पोराचा आम्हाला राग नाही. त्याला कोणी शिकवले नाही. पण सिनेमाच्या त्या दोन फाईलींखाली नेमके काय गाडले गेले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, हात आवरायचा. फॉरमॅट नाही, 'चेकडिस्क' नाही. विंडोज आपणहून डिस्क 'दुरुस्त करू का' असे विचारते, तेव्हाही नाही म्हणायचे. चेकडिस्क हे दुरुस्तीचे साधन खरे, पण ते डिस्कवर लिहिते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला इतके पळवते की उरलेला प्राणही जातो. दुसरे, साधी कारणे आधी तपासायची. वायर बदलून पाहावी. या वायरी फार लवकर खराब होतात. दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. टेबलावरच्या मोठ्या डिस्कला स्वतंत्र अॅडॉप्टर असतो, तो तपासावा. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्क दिसत असेल आणि तिला नुसते अक्षर मिळाले नसेल तर ते देण्याने काम होते. आणखी एक गंमत म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओवाले पुष्कळदा मॅक संगणक वापरतात. मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला लावली तरी हीच फॉरमॅटची पाटी येऊ शकते. डिस्क ठणठणीत असते, फक्त या संगणकाला तिची भाषा येत नाही! अशा धडधाकट डिस्क फॉरमॅट करून टाकलेले महाभाग आम्ही पाहिले आहेत. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली शोधावी. ती नसेल तर पुढची सारी खटपट व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट कान देण्याची. डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारे डोके केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावरून तरंगत जाते. टक्-टक्-टक् असा ठोका येत असेल तर ते डोके जायबंदी आहे. त्याच क्षणी वायर काढावी. प्रत्येक वेळी पुन्हा लावून पाहण्याने चकतीवर ओरखडे पडतात, आणि ओरखडा म्हणजे तेथला मजकूर कायमचा गेला. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हळूच आपटा, उघडून साफ करा असले सल्ले देणारे बरेच भेटतात. हे डिजिटल अंगारे-धुपारे आहेत. ज्यांनी अंगारे-धुपारे सोडले त्यांनी हेही सोडावेत. फ्रीजमधून बाहेर काढताच आत दव धरते, आणि घरात झाकण उघडले तर धुळीचा एक कणही त्या डोक्याला दगडासारखा लागतो. अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायची असते. काही कंपन्यांच्या डब्यांत मजकूर सांकेतिक करणारे सर्किट असते, त्यामुळे डबा फोडून आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घालण्याची युक्तीही सगळीकडे चालत नाही.

ठोका नसेल आणि संगणकाला डिस्कची क्षमता बरोबर दिसत असेल तर बरेच काही आपल्या हातात आहे. येथे एकच नियम, आणि तो आम्ही दहा वेळा सांगायला तयार आहोत. आधी नक्कल, मग शोध. मूळ डिस्कवर शोधमोहीम चालवायची नाही. तिची बिट-बिट नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि जे काही करायचे ते त्या नकलेवर. यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. पेनड्राईव्हवरून लिनक्स सुरू करून तो चालवता येतो. त्याची पद्धत शहाण्या माणसाची आहे. जे भाग सहज वाचता येतात ते तो आधी उचलतो, जेथे अडते तेथे हट्ट न करता पुढे जातो, आणि सगळे सोपे पदरात पडल्यावर अवघडाकडे परत येतो. कोठपर्यंत आलो याची नोंद तो एका नकाशात ठेवतो, म्हणून लोडशेडिंगने वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. नक्कल कोठून कोठे घ्यायची हे लिहिताना मात्र दोनदा तपासावे. उलटसुलट झाले तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरते. धडधाकट एक टीबीची नक्कल वेगवान जोडणीवर तीन-चार तासांत होते. वाचनालयाच्या डिस्कला चार दिवस लागले, कारण ती वाचता वाचता अडत होती.

नक्कल हाती आल्यावर 'टेस्टडिस्क'. हाही मोफत, क्रिस्टोफ ग्रेनिये या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेला. तो हरवलेली विभागणी आणि जुनी नोंदवही शोधतो. ती सापडली तर फाईली नावांसकट, फोल्डरसकट परत येतात. नाही सापडली तर त्याचाच भाऊ 'फोटोरेक'. तो नोंदवहीच्या नादी लागत नाही. थेट कपाटात शिरतो आणि प्रत्येक प्रकारच्या फाईलीची सुरुवात कशी असते ते ओळखून एकेक बाहेर काढतो. चारशे ऐंशीहून अधिक प्रकारच्या फाईली त्याला ओळखता येतात. बाजारात याच कामासाठी हजारो रुपयांचे प्रोग्राम विकले जातात. ते वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण चोरलेली 'क्रॅक' प्रत उतरवून, तीही वाचवायच्या त्याच डिस्कवर बसवून, काम करणाऱ्यांना काय म्हणावे? वाचवलेल्या फाईली त्याच डिस्कवर साठवणारेही असतात.

हे सगळे फिरत्या हार्ड डिस्कबद्दल. नव्या एसएसडीची गोष्ट वेगळी. तिच्यात 'ट्रिम' नावाची सोय असते, ती पुसलेली जागा आपणहून खरोखरच मोकळी करून टाकते. तेथे चुकून केलेल्या फॉरमॅटनंतर फारशी आशा धरू नये.

आणि जेथे आपले हात पोचत नाहीत तेथे प्रयोगशाळा. तिचा खर्च हजारांत जातो, डोके खराब असेल तर दहा-दहा हजारांत. पण तेथे काय होऊ शकते याचे एक उदाहरण सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतताना फुटले, कल्पना चावलांसह सात जण गेले. अवशेषांत पुढे एक हार्ड डिस्क सापडली. आकाशातून पडलेली, जळलेली, वितळलेली. अमेरिकेतील क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर वाचवला आणि त्यातील वैज्ञानिक प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आकाशातून जळत पडलेल्या डिस्कमधला मजकूर निघतो. सिनेमे टाकून पाहिलेल्या डिस्कमधला निघत नाही.

डिस्क कोणाच्या हाती देतो, याचाही विचार हवा. अत्याचारग्रस्त कुटुंबांचे जबाब, साक्षीदारांची नावे, स्त्रियांची छायाचित्रे असलेली डिस्क बाजारपेठेतल्या काउंटरवर रात्रभर ठेवून यायची? आरोपीचा भाऊबंद त्याच बाजारात बसतो, हे आपल्याला ठाऊक नाही काय? शिवाय डिस्क हा पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात 'हॅश' नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाईलीचा अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी करून, त्यात बाहेरून घुसखोरी करून कागदपत्रे टाकली गेली, असा निष्कर्ष दिला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. पण मुद्दा असा की डिस्कची नेमकी प्रत हाती होती म्हणून बचाव पक्षाला बोलता तरी आले. ज्यांच्यावर खटले होतात त्यांनी प्रती आणि ठसे सांभाळले पाहिजेत. ज्या प्रकरणाचा निकाल लागायचा आहे, त्याचा मूळ मोबाईल वा कार्ड बंद पडले तर स्वतः प्रयोग न करता आधी वकिलाला विचारावे.

कागदपत्रे गमावण्याचा अनुभव आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीच्या २६, अलिपूर रोडवरील घरातील कागदपत्रे १९६७ साली बाहेर अंगणात काढून टाकली गेली आणि पावसात भिजली, ही हकीकत नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. जे वाचले ते पेट्यांत बंद राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली, वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्या पेट्यांसाठी आयुष्य दिले, तेव्हा कोठे १९७९ साली पहिला खंड निघाला. महापरिनिर्वाणानंतर बावीस वर्षांनी! क्रांती आणि प्रतिक्रांतीवरील लेखन खंडांत छापले गेले ते अपुरे. संपादकांना टंकलिखित पाने निरनिराळ्या फाईलींतून शोधून जुळवावी लागली. ते अंगण आणि त्या पेट्या आपल्या ताब्यात नव्हत्या, हे खरे. पण ही डिस्क आपल्या ताब्यात आहे. येथे दोष कोणाला देणार?

आम्हाला कटू बोलावे लागते. एका रात्रीच्या डीजेला आपण किती वर्गणी देतो? चौकातल्या फलकावर नेत्याच्या डोक्यामागे तेजोवलय काढायला किती? दुसरी एक डिस्क पाच-सात हजारांत येते. पण वाचनालयाच्या जमाखर्चात तिला रकाना नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा हिशोब आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक विहारात, एक पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या विहारात, एक इंटरनेटवरील साठ्यात. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आधी म्हणा, त्या लावून पाहायच्या. 'यूट्यूबवर टाकले आहे ना' हे उत्तर नव्हे. एका तक्रारीवर तेथले गाणे एका रात्रीत जाते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो तर चिरडून लहान झालेला असतो.

पैशापेक्षा मोठा रोग मालकीचा आहे. 'ही माझी डिस्क, मी जमवलेले आहे, प्रत देणार नाही.' गट फुटला की कार्यकर्ता डिस्क घेऊन जातो. तो गेला की मुलगा ती कपाटात ठेवतो, सून घर झाडताना भंगारवाल्याला देते. त्या सुनेला नावे ठेवू नयेत. डबीवर एक चिठ्ठीसुद्धा कोणी चिकटवली नव्हती.

राहिली वाचनालयाची डिस्क. नक्कल घेताना तिचा थोडासाच भाग शेवटपर्यंत वाचता आला नाही. टेस्टडिस्कला जुन्या नोंदवहीची काही पाने मिळाली, तेवढ्या फाईली नावांसकट आल्या. बाकीच्या फोटोरेकने काढल्या. लहान ध्वनिफिती आणि फोटो बहुतेक चांगले आहेत. मोठे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत साठलेले होते, त्यातले बरेच अर्धवट निघाले. पेजमेकरमधल्या स्मरणिकांची वेगळीच तऱ्हा. फाईल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. त्या काळी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकला जाई, युनिकोडमध्ये नव्हे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वाचवलेली फाईलही मुकीच. जुन्या डीटीपीवाल्यांकडे ते फॉन्ट असतात. ती माणसे धंदा सोडण्यापूर्वी त्यांच्याकडून घेऊन ठेवावेत, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

फोटोरेकने काढलेल्या फाईलींना नावे नाहीत. 'एफ' हे अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे, एवढीच ओळख. कोणाचे भाषण, कोणत्या गावची सभा, गाणारी बाई कोण, पत्ता नाही. म्हणून वाचनालयाने आता दर रविवारी दुपारी चार वाजता गावातल्या जुन्या माणसांना बोलावून एकेक फीत ऐकवायला सुरुवात केली आहे. दोन मुली वही घेऊन बसतात. कोणी आवाज ओळखला की नाव, गाव, साल लिहून घेतात. नामांतराच्या आंदोलनातल्या ज्या बाई आवाज सर्वांत पटकन ओळखतात, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांना आता एका कानाने कमी ऐकू येते. ऐकायच्या फिती अजून सहाशेच्या वर आहेत.